क्रोशाकाम व गणिताचा समवाय

हस्तव्यवसायाच्या तासास क्रोशाकाम केवळ मुलींकडे सोपवू नये. त्यात सर्वांसाठी गणिताचा पाठ आहे. प्रथम साखळीचे कडे करून त्यात सहा मुके खांब घालावेत. पुढे प्रत्येक फेरीत समान अंतराने सहा खांब वाढवावेत; म्हणजे ६, १२, १८, २४ असा सहाचा पाढा हाती येतो व चकती सपाट बसते. वाढ कमी पडल्यास तिची वाटी होते. अधिक झाल्यास कडेला झालर पडते. अशीच झालर हेतुपुरस्सर विणून कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ श्रीमती दाइना तायमिना यांनी १९९७ साली ऋण वक्रतेच्या पृष्ठभागाची प्रतिकृती सिद्ध केली. सबब, बिघडलेल्या चकतीबद्दल मुलास रागावू नये. उसवण्यापूर्वी खांब त्यालाच मोजावयास लावावेत. आपली चूक आपणच शोधण्याची सवय हेच या कामाचे खरे फळ होय.