संगणकस्मृतीच्या वाहिन्या : पट्ट्यांची निवड व मांडणी

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्याच्या सर्वसाधारण गणन-घटकांना प्रत्येकी १९२ गिगाबाइट स्मृती देण्यात आली. १२८ वा २५६ या आकड्यांना सरावलेल्या अभ्यासकास ही संख्या चमत्कारिक वाटेल. तिचा उलगडा प्रोसेसरच्या रचनेत आहे. प्रत्येक घटकात दोन प्रोसेसर, आणि प्रत्येक प्रोसेसरपासून स्मृतीकडे जाणाऱ्या सहा वाहिन्या. बारा वाहिन्यांवर सोळा-सोळा गिगाबाइटची समान वाटणी केली की बेरीज १९२ होते.

स्मृतीची धारणशक्ती आणि तिची वहनशक्ती या दोन भिन्न गोष्टी होत. भिवापूरच्या मिरचीचे गोदाम कितीही प्रशस्त असो, दार एकच असेल तर पोती एकामागून एकच बाहेर पडणार. वाहिनी म्हणजे असे दार. डीडीआर-४ जातीची ३२०० वेगाची पट्टी एका वाहिनीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पोहोचविते. दोन वाहिन्या चालू असता हीच मर्यादा ५१.२ होते. तेव्हा दोन वाहिन्यांच्या साध्या संगणकासाठी सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठांच्या दोन घेणे श्रेयस्कर. आठ आणि सोळा अशी विषम जोडी बसविल्यास कित्येक यंत्रे सोळा गिगाबाइटपुरत्याच दोन्ही वाहिन्या वापरतात. उरलेल्या आठांना एकेरी वाट मिळते. पट्ट्यांचे वेग भिन्न असल्यास सर्व पट्ट्या मंद पट्टीच्या गतीने चालतात.

खरी चूक होते ती बसविताना. चार खाचांपैकी शेजारच्या दोन खाचा बहुधा एकाच वाहिनीच्या असतात. त्यांत दोन्ही पट्ट्या खोचल्या तरी यंत्र विनातक्रार सुरू होते, धारणशक्तीही पूर्ण दाखविते. अर्धी वाट बंद आहे हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि अनुदानातून घेतलेली दुसरी पट्टी वेगाच्या दृष्टीने वाया जाते. बहुतेक मंडलांवर प्रोसेसरपासून मोजता दुसरी व चौथी खाच प्रथम भरावयाची असते. तथापि निर्मात्याची पुस्तिका हेच अंतिम प्रमाण.

भाषाभ्यासकाने येथे अवाजवी अपेक्षा मात्र धरू नये. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना-मात्रा धरून मराठी मजकुराचा आकार झपाट्याने वाढतो. असा मजकूर स्मृतीत घेऊन अनेक प्रक्रियांनी एकाच वेळी सलग चाळावयाचा असेल, तर जादा वाहिनीचा लाभ होतो. परंतु मोठ्या शब्दकोशात एकेक शब्द विखुरलेल्या जागी शोधावयाचा असता मुख्य विलंब पहिला बाइट हाती येण्याचाच असतो. वाहिन्या वाढवून तो विलंब घटत नाही.

तपासणी करतानाही एक फसगत संभवते. डीडीआर-५ पट्टीची ६४ बिटांची रुंदी ३२ बिटांच्या दोन उपवाहिन्यांत विभागलेली असते. त्यामुळे पट्टी एकच असूनही काही आज्ञावल्या दोन वाहिन्या दाखवितात. साध्या संगणकात दोन्ही पट्ट्या योग्य खाचांत असल्यास एकूण रुंदी १२८ बिट भरावयास हवी.