बीपी पडण्याच्या आधीचा वेळ

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती बोळवून गावं गाढ झोपलेली असताना पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी उमरगा आणि औसा तालुक्यांची जमीन हादरली. किल्लारी औशात, सास्तूर आज लोहारा तालुक्यात असलं तरी तेव्हा उमरग्यातच होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. जवळपास 8 हजार माणसं गेली, त्याच्या दुप्पट जखमी झाली.

भूकंपात माणूस ढिगाऱ्यातून जिवंत निघतो, बोलतो, पाणी मागतो आणि तरी काही तासांनी दगावतो, असं जगभर घडत आलं आहे. अंगावर मोठी जखमही दिसत नाही. मांडीचं हाड मोडलं की लिटर-दीड लिटर रक्त मांडीतच साचतं. कंबरेचं हाड फुटलं तर त्याहून जास्त. दगडाखाली दबलेला पाय मोकळा झाला की चिरडलेल्या स्नायूंत शरीरातलं पाणी झिरपतं आणि त्या स्नायूंतली द्रव्यं रक्तातून मूत्रपिंडात जाऊन अडकतात. लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींमध्ये हा प्रकार एरिक बायवॉटर्स यांनी 1941 साली नोंदवला. म्हणूनच आता, जमेल तिथे, अंगावरचा दगड हलवण्याआधीच सलाईन सुरू करतात.

साठ किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. हृदयाकडे जेवढं परत येईल तेवढंच ते पुढे ढकलू शकतं. विहिरीत पाणी नसेल तर मोटर कितीही फिरवा. रक्त कमी पडू लागलं की मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ते लगेच कळतं. हृदय वेगानं धावू लागतं. कातडी, आतडी आणि मूत्रपिंडाकडच्या वाहिन्या आवळल्या जातात आणि उरलेलं रक्त मेंदू व हृदयासाठी राखलं जातं. ही तजवीज इतकी चोख असते की सव्वा लिटरच्या घरात रक्त जाईपर्यंत बीपीचा वरचा आकडा बऱ्याचदा ठीकच दिसतो. मग तो एकदम कोसळतो. हिमोग्लोबिनही सुरुवातीला फसवतं, कारण पेशी आणि पाणी एकाच प्रमाणात गेलेलं असतं.

तरुण आणि धडधाकट शरीर हे जास्त वेळ झाकून ठेवतं. बाळंतिणीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. गरोदरपणात रक्त जवळपास दीडपट होतं, म्हणून लक्षणं उशिरा दिसतात. दिवस भरल्यावर गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं; वार पडल्यावर पिशवी आवळली नाही तर ते सगळं बाहेर यायला वेळ लागत नाही. रक्त धडप्यात, गादीत मुरतं आणि डोळ्यांना निम्मंच दिसतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी असतं.

ओळखायचं कसं? पहिली नाडी. मिनिटाला 110 ठोके आणि बीपीचा वरचा आकडाही 110, म्हणजे धोका दारात आला. नख दाबून पांढरं करा आणि सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही, हातपाय गार आणि घामेजलेले असले, लघवी तासन् तास झाली नसली, माणूस उगीच घाबराघुबरा होत असला, तर बीपी चांगलं आहे म्हणून थांबू नका.

उमरग्यातून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो आणि पेशंट जिथे पाठवायचा ते सोलापूर इथून शंभरेक किलोमीटर. एवढ्या वाटेत रक्त कसं थांबवायचं, हाच प्रश्न असतो. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहातानं घट्ट दाबा आणि दाब सोडून पुन:पुन्हा बघू नका. अंगावर चादर घाला, कारण गार पडलेलं रक्त नीट गोठत नाही. ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं स्वस्त इंजेक्शन पहिल्या तीन तासांत मिळालं तर जीव वाचण्याची शक्यता वाढते. सलाईन वेळ मिळवून देतं. पण ते प्राणवायू वाहत नाही आणि जास्त झालं तर उरलेलं रक्तही पातळ करतं.

अशक्तपणा आला की आपल्याकडे सलाईन मागून लावून घेतात, त्याचं वाईट वाटतं. साध्या सलाईनच्या अर्धा लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी, बाकी काही नाही. उलट ढाळ-वांत्यांत खरी गरज असते तेव्हा तोंडानं दिलेलं पाणीच बहुतेकांना पुरतं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. आतड्यात साखर आणि मीठ जोडीनं शोषलं जातं आणि पाणी त्यांच्यामागे येतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पोर ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा द्या. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश मागे गेली किंवा डोळे खोल गेले, तर दवाखाना गाठा.

आणि पेशंट पुढे पाठवताना चिठ्ठीवर नुसतं बीपी लिहू नये. त्याच्या शेजारी नाडी, रक्त जायला कधी लागलं ती वेळ आणि शेवटची लघवी कधी झाली, हेही लिहिलेलं असावं. सोलापूरला पोहोचेपर्यंत बीपी किती तग धरेल याचा अंदाज त्या तीन गोष्टींवरूनच बांधता येतो.