जावा व येझदी मोटरसायकलींचे घरगुती पुनरुज्जीवन

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने मोटरसायकली तयार होत. १९९६ मध्ये उत्पादन थांबले. अशी गाडी घरी सुटी करून पुन्हा मूळ रूपात चालती करणे, हे तिचे पुनरुज्जीवन होय.

गणपतीपुळ्यासारख्या समुद्रकाठच्या गावी या कामातील खरा शत्रू गंज. खाऱ्या वाऱ्याने क्रोमचा मुलामा फुगून सोलवटतो. टाकीच्या आतील गंजाचे कण कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकतात. म्हणून इंजिनाआधी टाकी साफ करणे शहाणपणाचे. पावसाळ्यात उघड्या पत्र्यावर रातोरात गंज चढतो. त्यामुळे घासणे व प्रायमर लावणे एकाच दिवशी उरकावे लागते.

इंजिन द्विआघाती, बहुतेक मॉडेलांत एका सिलिंडरचे. त्यात पेट्रोल, तेल व हवेचे मिश्रण प्रथम क्रँककेसमध्ये ओढले जाते. क्रँकशाफ्टचे ऑइल सील कडक झाले की तेथून जादा हवा शिरते, पेट्रोलचे प्रमाण घटते आणि पिस्टन तापून जखडतो. सील तसेच ठेवून केवळ नवा पिस्टन घातल्यास तोही जखडू शकतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकीस ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो; मात्र तिच्या सांगाड्यात वा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. शिवाय अशी गाडी नित्य वापरता येत नाही. रोज रत्नागिरीस जाणाऱ्याला नेहमीच्या नोंदणीचे, दर ५ वर्षांनी करावयाचे नूतनीकरणच सोयीचे.