शिकवणाऱ्याने अभ्यासक्रम का शिकावा?

विदर्भातील मोताळ्यासारख्या तालुक्यात नोकरी करणारा शिक्षक 'अभ्यासक्रम' या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार करू लागला, की काही गोष्टी त्याला हमखास ऐकाव्या लागतात. पुस्तके बालभारतीकडून येतात, त्यात आणखी शिकायचे काय? शिकायचेच तर एम.एड. करा, बाकी सारे फुकट. त्यासाठी दोन वर्षे रजा टाकावी लागेल. आणि एवढे करून पगार वाढणार नाही तो नाहीच. यातले शेवटचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. पण पहिले समूळ चुकीचे आहे, आणि बाकीचे गैरसमज त्याच्याच आधाराने उभे आहेत.

पाठ्यपुस्तक, पाठ्यक्रम आणि अभ्यासक्रम हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. बालभारती १९६७ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पूर्ण नाव 'महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ' असे ठेवले गेले. पुस्तक तयार करणे आणि अभ्यासक्रमाचा शोध घेणे ही दोन कामे आहेत, हे त्या नावातच मान्य केलेले आहे. मुलांनी काय शिकावे, का शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे आणि शिकले हे कशावरून ठरवावे, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे अभ्यासक्रम. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ साली साधारण याच चार प्रश्नांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि जगभरच्या शिक्षणशास्त्र विभागांत ते पायाभूत ठरले. मात्र असे प्रश्न विचारायला आपण बाहेरून शिकलो, असेही नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे, याचा तपशील मांडला होता: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, आरोग्य आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान. विदर्भातच, वर्ध्याला, १९३७ साली बुनियादी शिक्षणाची परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेला संपूर्ण अभ्यासक्रम तयार केला.

आता मोताळा तालुक्यातली एखादी द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा डोळ्यांसमोर आणा. पुस्तके इयत्तावार छापलेली असतात. वर्ग चार आणि शिक्षक दोन. पहिली-दुसरीला एकत्र बसवून गणिताचा कोणता घटक दोघांना मिळून द्यायचा आणि कोणता वेगळा, हे कोणतेही पुस्तक सांगत नाही. पहिलीतले मूल 'मले', 'तुले' म्हणत शाळेत येते. ती चूक समजून लाल रेघ ओढायची, की वऱ्हाडी ही त्याची भाषा मानून तिच्यावरून प्रमाण मराठीकडे न्यायचे? कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी गळत असेल, तर ज्यावर पुढचे सारे अवलंबून आहे असा घटक त्याच आठवड्यांत ठेवायचा का? हे तिन्ही निर्णय अभ्यासक्रमाचेच आहेत आणि शिक्षक ते रोज घेतो. फक्त ते सवयीने घेतले जातात, आणि का घेतले हे सांगायला त्याच्याजवळ भाषा नसते. इंग्लंडमधील लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ साली मांडलेला मुद्दा नेमका हा होता: अभ्यासक्रमाची खरी कसोटी वर्गात लागते, म्हणून त्यावरच्या संशोधनात शिक्षक मध्यभागी हवा.

यावर आक्षेप येतो, 'अभ्यासक्रम पुण्यात ठरतो, आपल्याला कोण विचारतो?' अधिकार पुण्यात आहे, हे खरे. पण २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आल्यानंतर राज्याच्या आराखड्याचा मसुदा २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी खुला झाला होता, आणि २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदल सुरू झाले. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची जी रचना १९८९ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरवली, तिच्यातही अभ्यासक्रम, साहित्यनिर्मिती आणि मूल्यमापनासाठी स्वतंत्र शाखा होती. 'पुस्तक जड आहे' एवढ्या तक्रारीला तिथे वजन नसते. कोणता घटक, कोणत्या मुलांना, कोणत्या कारणाने जड जातो हे पुराव्यासह लिहून देणाऱ्याला ते असते.

एम.एड. आणि एम.ए. शिक्षणशास्त्र यांतली गल्लत तशी लवकर सुटते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी एम.एड. दोन वर्षांचे, नियमित हजेरीचे केले. अध्यापक महाविद्यालयात शिकवणारे, प्रशासक, अभ्यासक्रम तयार करणारे घडवणे हा त्याचा हेतू आहे आणि त्याआधी बी.एड. किंवा तत्सम अध्यापक-शिक्षणाची पात्रता लागते. एम.ए. शिक्षणशास्त्र ही शिक्षण या विषयाची पदवी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ती कोणत्याही पदवीनंतर, नोकरी करत, किमान दोन वर्षांत करता येते. दूरस्थ पदवी कमी दर्जाची हा समजही सोडून द्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ साली प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केले, तेच मुळी काम करणाऱ्यांसाठी: थोडे दिवस संस्थेत, बाकी काळ आपापल्या ठिकाणी राहून अभ्यास.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत अनेक दशकांच्या अभ्यासांत असे दिसले, की शिक्षकाकडे पदव्युत्तर पदवी असल्याने विद्यार्थ्यांच्या संपादनात सहसा फारसा फरक पडत नाही. गणित शिकवणाऱ्याने गणितातच पदवी घेतली, अशा ठिकाणी मात्र काही फरक आढळला. म्हणजे कागद उपयोगी पडत नाही. जे शिकवतो त्याच्याशी जोडलेला अभ्यास उपयोगी पडतो. यावरून पदवी व्यर्थ ठरत नाही, पदवी कशी करावी ते ठरते. निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, पोषण आहाराच्या नोंदी यांतून वेळ उरत नाही, ही शिक्षकाची व्यथा रास्त आहे. म्हणूनच वर्गापासून तुटलेला, पाठांतराचा अभ्यास त्याने करूच नये. पगाराचे गणितही आधीच समजून घ्यावे: वरिष्ठ वेतनश्रेणी बारा वर्षांची सेवा आणि विहित प्रशिक्षणावर मिळते, एम.ए. झाले म्हणून नव्हे.

अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी करा. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षी, त्या पदवीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते त्यांच्या यादीत स्वतः पाहा. आणि आपल्याच वर्गात अडलेला एक प्रश्न वहीत लिहून ठेवा. पदवीच्या प्रकल्पाचा विषय ठरवायची वेळ येईल तेव्हा दुसरीकडे शोधायला जाऊ नका, ती वही उघडा.