हळद चांगली आहे, पण आपण ती दाखवतोय कुणाला?

हिंगोली जिल्ह्यात हळदीची ओळख करून द्यावी लागत नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आपले अनेक शिकलेले तरुण आता नोकरीची वाट पाहत न बसता हळद पावडर, मसाले, पापड, पुस्तके मोबाईलवरून विकू लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण सुरुवात बहुतेकदा एकाच पद्धतीने होते. पाकिटाचा फोटो काढायचा, 'शुद्ध घरगुती हळद' असे लिहायचे, गावाकडच्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे आणि पाचशे रुपये भरून फेसबुकवर पोस्ट 'बूस्ट' करायची. लाइक येतात, 'जय भीम भाऊ, अभिनंदन' येते. ऑर्डर मात्र येत नाही.

कारण साधे आहे. नरसी नामदेव परिसरात ज्याच्या स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या शेतात हळद आहे, तो पाकीट कशाला विकत घेईल? माल चांगला असतो, पण चुकीच्या माणसासमोर ठेवलेला असतो.

एक हळद, तीन गिऱ्हाइके

पहिले गिऱ्हाईक नरसीतच येते. संत नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वारकऱ्यांबरोबर पंजाबातले भाविकही इथे येतात. प्रवासात पाच किलोची पिशवी कोण नेणार? त्यांना २०० ग्रॅमचे पाकीट हवे, त्यावर हिंदीत दोन ओळी आणि घरी गेल्यावर पुन्हा मागवता येईल असा नंबर हवा.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईत राहणारी मराठवाड्यातली कुटुंबे. ती उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करतात. त्यांना एक-दोन किलो हळद लागते आणि गावाचे नाव वाचून विश्वास वाटतो. त्यांच्यासाठी जाहिरात मार्च ते मे या काळात करावी, दिवाळीत नाही.

तिसरे गिऱ्हाईक मसाला तयार करणारा छोटा उद्योजक. तो फोटो पाहत नाही; भाव, पोत्यांची संख्या आणि प्रयोगशाळेचा अहवाल विचारतो. त्याला रील नको, थेट फोन हवा.

म्हणजे माल एकच, पण पाकीट, भाषा, वेळ आणि जागा तिन्हींसाठी वेगळी. खाद्यपदार्थ विकताना एफएसएसएआयची नोंदणी मात्र सगळीकडे लागते. आणि मानांकनाचा शिक्का पाकिटावर छापायचा असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते.

जाहिरातीचे बटण काय करते?

'बूस्ट' करताना फेसबुक ठिकाण, वय आणि उद्देश विचारते. 'संपूर्ण महाराष्ट्र, १८ ते ६५' असे निवडले की पाचशे रुपये वाळूत ओतलेल्या पाण्यासारखे जिरतात. उद्देश 'लाइक' ठेवला, तर यंत्रणा लाइक करणारी माणसे शोधते, विकत घेणारी नाही. म्हणून एक शहर, एक वयोगट निवडा आणि उद्देश 'मेसेज' ठेवा.

आणखी एक गोष्ट. धर्म, राजकीय मते, आजार अशा संवेदनशील विषयांवरून लोक निवडण्याचे पर्याय मेटा कंपनीने २०२२ पासून काढून टाकले. त्यामुळे 'फक्त बौद्धांना दाखवा' असे तिथे सांगता येत नाही. तो वाचक मजकुरातून, तारखेतून आणि आपल्या ओळखीच्या ग्रुपमधूनच गाठावा लागतो.

समाज हेच गिऱ्हाईक आहे का?

पुस्तके, मूर्ती, वंदनेचे साहित्य यांच्यासाठी होय. दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांचे स्टॉल चालतात, कारण वाचक स्वतः चालत तिथे येतो. हळदीचे तसे नाही. 'समाजाचा व्यवसाय आहे, घ्या' म्हटल्यावर पहिले पाकीट जाते. दुसरे फक्त चवीवर जाते.

मग आडनाव वाचून बाहेरचे गिऱ्हाईक मागे फिरेल का? ही भीती खोटी नाही. चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये तिलाच तोंड दिले. त्यांनी हळद, मिरची, लोणचे ऑनलाइन विकायला काढले आणि ब्रँडचे नावच 'दलित फूड्स' ठेवले. ज्यांच्या स्वयंपाकघरात आपल्या लोकांना प्रवेश नव्हता, ते आपल्या हातचा मसाला घेतील का, हा प्रश्न त्यांनी उघडपणे विचारला. अशा नावाने गिऱ्हाईक आपोआप निवडले जाते: ज्याला अडचण आहे तो दूर जातो, ज्याला नाही तो जवळ येतो. प्रत्येकाने असेच नाव ठेवावे असे नाही. पण ओळख लपवायची की सांगायची, हे भीतीपोटी न ठरवता आपले गिऱ्हाईक कोण ते पाहून ठरवावे.

पुढचे पाचशे रुपये भरण्याआधी एक काम करा. आतापर्यंत ज्या दहा जणांनी माल घेतला, त्यांना फोन करा. कशासाठी घेतला, कुठे पाहिला, पुन्हा कधी लागेल, एवढे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे वहीत लिहून ठेवा. तुमचे गिऱ्हाईक त्या वहीत सापडेल. जाहिरात त्यानंतर करा.