बहुपृष्ठ मुद्रण

बहुपृष्ठ मुद्रण म्हणजे दस्तऐवजाची दोन किंवा अधिक पाने लहान करून कागदाच्या एकाच बाजूवर छापणे होय. एका बाजूवर दोन पाने घेऊन कागद पाठपोट छापल्यास शंभर पानांच्या टिपणांना पंचवीस कागद पुरतात. पुस्तकाच्या फर्म्याशी मात्र याची गल्लत करू नये. सोळा पानी फर्म्यात पाने घडीच्या हिशेबाने, प्रसंगी उलटी मांडलेली असतात; येथे ती वाचनक्रमानेच येतात.

मापाचे गणित

ए४ कागद २१० × २९७ मिमी असतो. त्याच्या बाजूंचे गुणोत्तर १ : √२ असल्याने तो मधोमध दुमडला तरी आकार तोच राहतो. म्हणून आडव्या कागदावर दोन पाने सुमारे ७१ टक्के आणि उभ्या कागदावर चार पाने ५० टक्के मापात नेमकी बसतात. सहा पानांचा पर्याय त्या मानाने फसवा आहे. त्यासाठी पान सुमारे ३५ टक्क्यांवर आणावे लागते आणि तेवढ्याच मापात आठ पाने मावतात; म्हणजे दोन पानांची जागा कोरीच राहते. अमेरिकी लेटर कागदाला (८.५ × ११ इंच) हे गुणोत्तर नसल्याने दोन पानांतही जागा वाया जाते.

१२ पॉइंटचा मजकूर दोन पानांच्या मांडणीत साधारण साडेआठ, तर चार पानांच्या मांडणीत सहा पॉइंटचा होतो. रोमन लिपी एवढ्या आकारात कशीबशी वाचता येते. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे आधी बुजतात. मराठी मजकुराला दोन पानांची मर्यादा बरी. मूळ पानाचे समास आधी कमी केल्यास अक्षर थोडे मोठे ठेवता येते.

ड्रायव्हरचे साहाय्य

ही मांडणी बहुधा प्रिंटर करीत नाही. संगणकावरील ड्रायव्हर किंवा मुद्रणप्रणाली ती करून तयार पान प्रिंटरकडे पाठवते. त्यामुळे एकाच प्रिंटरवर एका संगणकातून हा पर्याय मिळतो, दुसऱ्यातून मिळत नाही. लिनक्सवरील कप्स या प्रणालीत 'नंबर-अप' या पर्यायाने १, २, ४, ६, ९ किंवा १६ पाने घेता येतात. पोस्टस्क्रिप्ट फाइलवर अशी प्रक्रिया करणाऱ्या 'पीएसनप' या आज्ञेला पानांच्या सीमा फाइलमधील ठरावीक टिपांवरून कळतात. त्या टिपा नसतील तर मांडणी बिघडते.

ड्रायव्हरमध्ये सोय नसल्यास पीडीएफ वाचकातील तोच पर्याय वापरता येतो. मात्र दोन्हीकडे 'दोन पाने' निवडली, तर एका बाजूवर चार पाने येतात आणि अक्षर अकारण बारीक होते. पाठपोट छपाईत मागची बाजू उलटी आल्यास कागद उलटण्याची कड, लांब की आखूड, बदलून पाहावी. सगळा गठ्ठा छापण्यापूर्वी एकच कागद काढून पाहणे स्वस्त पडते.