शर्यतीपूर्वीचे तीन आठवडे : श्रमाइतकाच संयमही मोलाचा

विशेष प्रतिनिधी

मॅरेथॉनच्या तयारीतील सर्वांत कठीण टप्पा कोणता, असे विचारले तर बहुतेकांना पहाटेच्या अंधारात केलेली तीस-बत्तीस किलोमीटरची दौड आठवते. प्रत्यक्षात अनेक धावपटूंचा कस लागतो तो शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत. कारण या काळात त्यांना धावणे कमी करायचे असते. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून ४२.१९५ किलोमीटरचे अंतर पार करू पाहणाऱ्यांचा वर्ग वाढत गेला. चार-पाच महिने नेटाने सराव करणाऱ्या या मंडळींपैकी काही जण अखेरच्या पंधरवड्यात धास्तावतात, ‘आणखी एक लांब दौड’ करून पाहतात आणि दुखावलेला गुडघा किंवा थकलेले पाय घेऊन शर्यतीला उभे राहतात. महिन्यांची मेहनत आठ दिवसांच्या उतावीळपणामुळे वाया जाते.

श्रमाचे बळ केव्हा होते?

सरावाने शरीर बळकट होते, असे आपण सहज म्हणतो. परंतु दौड संपते त्या क्षणी शरीर आधीपेक्षा दुबळे झालेले असते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा झालेली असते, साठवलेली ऊर्जा खर्च झालेली असते. ही झीज भरून काढताना शरीर पुढच्या ताणासाठी स्वतःला थोडे अधिक सज्ज करते आणि हे काम विश्रांतीच्या काळात चालते. त्याला वेळ लागतो. शर्यतीच्या आठवडाभर आधी केलेल्या कष्टाच्या दौडीचा लाभ शर्यतीपर्यंत हाती येत नाही, थकवा मात्र हमखास येतो.

दुसरा प्रश्न इंधनाचा. धावताना साधारणपणे दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला मॅरेथॉनसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली ऊर्जा मात्र ढोबळमानाने दोन हजारांच्या आसपास असते. उरलेली गरज मेदातून आणि वाटेत घेतलेल्या खाद्यपेयांतून भागवावी लागते. तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांसमोर जी ‘भिंत’ उभी राहते, तिचे एक प्रमुख कारण हेच. सराव कमी करून पुरेसा पिष्टमय आहार घेतला, की ग्लायकोजेनचा साठा काठोकाठ भरतो. अखेरपर्यंत धावत राहणारा धावपटू अर्धी टाकी घेऊन प्रवासाला निघतो.

कमी म्हणजे किती?

सराव टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या या पद्धतीला ‘टेपरिंग’ म्हणतात. धावपटू, जलतरणपटू व सायकलपटूंवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवणे, मात्र वेग आणि आठवड्यातील सरावाचे दिवस कायम ठेवणे सर्वाधिक लाभदायक ठरते, असा त्याचा निष्कर्ष होता. आठवड्याला ६० किलोमीटर धावणाऱ्याने ते अंतर आधी ४० आणि मग २५-३० किलोमीटरवर आणावे. पण त्यात शर्यतीच्या वेगाने धावण्याचे छोटे तुकडे असू द्यावेत, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. संपूर्ण विश्रांती हा यावरचा उपाय नव्हे. वेग टिकवून अंतर घटवले, तर प्राणवायू वापरण्याची क्षमता इतक्या अल्प काळात ढासळत नाही.

तरीही मन मानत नाही. पाय जड वाटतात, कुठेतरी काहीतरी दुखू लागते, वजन किलोभराने वाढलेले दिसते. वास्तविक ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यामुळे ही वाढ बहुतांशी भरलेल्या टाकीची खूण असते.

झाटोपेकचा दाखला

अतोनात सरावासाठी ख्यातनाम असलेला चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक १९५० मध्ये ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेपूर्वी आजारी पडला आणि सुमारे दोन आठवडे रुग्णालयात अडकला. स्पर्धा तोंडावर आली असताना तो बाहेर पडला आणि त्याने १० हजार व ५ हजार मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. आजारपण हा काही सरावाचा मार्ग नव्हे. परंतु वर्षानुवर्षे साठवलेले श्रम दोन आठवड्यांत नाहीसे होत नाहीत, हे या घटनेतून ठळकपणे दिसले. अर्थात, ज्याने श्रम साठवलेच नाहीत, त्याला विश्रांती काय देणार?

संयमाची दुसरी परीक्षा

ताजेतवाने पाय, भोवतालची गर्दी आणि उत्साह यांमुळे पहिले दहा किलोमीटर फसवे असतात. वेग वाढला, की शरीर मेदाऐवजी ग्लायकोजेनवर अधिक विसंबते आणि जपलेला साठा लवकर रिकामा होतो. मुंबईच्या आजवरच्या बहुतेक शर्यतींत परतीच्या वाटेवरील पेडर रोडच्या चढाने या उधळपट्टीचा हिशेब चुकता करून घेतला आहे. याउलट, केनियाच्या एलिउड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिनला २ तास १ मिनिट ३९ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, तेव्हा पूर्वार्धाला १ तास १ मिनिट ६ सेकंद लागले होते आणि उत्तरार्ध त्याहून ३३ सेकंद कमी वेळात पूर्ण झाला होता.

विक्रमवीर असो वा हौशी धावपटू, सुरुवातीच्या किलोमीटरमध्ये हातचे राखून ठेवलेलेच शेवटी कामी येते. अखेरच्या आठवड्यांत ठरलेल्या अंतरावर थांबणे आणि शर्यतीच्या प्रारंभी कोणी पुढे गेले तर जाऊ देणे, या दोन्ही गोष्टी सरावाचाच भाग आहेत. त्यांची तयारीही पहाटेच्या दौडीइतकीच निष्ठेने करावी लागते.